पावसात जुनी मोटरसायकल बंद पडते तेव्हा करंट कुठे शोधायचा

पावसात बंद पडलेली जुनी गाडी दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केली की एका किकमध्ये चालू होते. सगळा घोळ इथेच होतो. मालक म्हणतो गाडी सुधारली, मिस्तरी म्हणतो आता काय शोधू, आणि पुढच्या सरीला गाडी परत त्याच नाल्याच्या फरशीजवळ उभी. बिघाड गेलेला नसतो, वाळलेला असतो. म्हणून पावसाळी वायरिंगचा फॉल्ट ओला असतानाच धरायचा. वाळून गेला असेल तर आपल्या हातानं एकेक जागा पुन्हा ओली करून तो उघडा पाडायचा. पार्ट बदलत बसणं सगळ्यात शेवटी.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यासमोर आहेत त्या हिरो होंडाच्या स्प्लेंडर, सीडी १००, पॅशन, यामाहाची आरएक्स १०० अशा गाड्या. खान्देशात रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, चोपड्याच्या दूधवाल्यांकडे, साक्री-नवापूरच्या रस्त्यांवर अजून याच धावतात. बुलेट किंवा राजदूतसारख्या पॉइंटवाल्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या टिकल्यांवर ठिणगी पाडणाऱ्या, गाड्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे, तो जिथे येईल तिथे सांगतो.

मे महिन्यात तडकतं, जुलैत भिजतं

जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावता येत नाही, आणि त्याच टाकीखाली मुख्य वायरिंग आणि इग्निशन कॉइल असते. स्पार्क प्लगच्या टोपीचं रबर कडक होतं, हेडलाइटच्या डूममध्ये, म्हणजे मागच्या वाटीत, वायर जाते तिथलं रबरी बूच आखडतं, काळ्या टेपचा डिंक वितळून वाहतो. पाऊस फक्त तयार फटींमधून आत शिरतो.

दुसरं कारण आपली काळी माती. शेतरस्त्यानं जाऊन आलं की मागच्या मडगार्डच्या आत चिखलाचा थर बसतो, वरून वाळतो आणि आतून आठवडाभर ओला राहतो. टेललाइटची वायर नेमकी त्याच मडगार्डला चिकटून जाते. तिसरं कारण खताची गोणी. टाकीवर आडवी टाकून आणलेल्या गोणीतून सांडलेली पावडर सीटखाली आणि साइड कव्हरमध्ये जाते, हवेतली ओल धरते आणि तांब्या-पितळेच्या पिना खाते. गाडी खळ्यात किंवा गोठ्यात लागत असेल तर उंदीर हे चौथं कारण. उंदरानं कुरतडलेली वायर कोरड्या दिवसात चार महिने बिनबोभाट चालते.

जवळ काय असावं

साधं डिजिटल मल्टीमीटर पुरतं, महागाचं नको. त्याहून उपयोगी वस्तू घरी करता येते: इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन हातभर वायरी डाख देऊन जोडलेल्या. हा टेस्टिंग बल्ब. मल्टीमीटर बारीकसा व्होल्टेजही दाखवून फसवतं, बल्ब फसवत नाही, कारण तो पेटायला खराखुरा करंट लागतो. सोबत प्लग पाना, चांगला चालणारा एक प्लग, योग्य अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर, सुती फडकं, आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. ही बाटली विसरू नका.

आधी पेट्रोलवरचा संशय फेडा

पाण्यातून गाडी काढली आणि बंद पडली म्हणजे करंटच गेला असं नाही. एअर फिल्टर भिजला असेल किंवा कार्बोरेटरमध्ये पाणी उतरलं असेल तर लक्षणं सारखीच दिसतात. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक ड्रेन स्क्रू असतो. पेट्रोलची चावी बंद करून तो सैल करा आणि येणारं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरा. पाणी जड असल्यामुळे तळाशी वेगळे थेंब दिसतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं, त्यामुळे टाकीच्या झाकणाचं रबर गेलेल्या गाडीत हा प्रकार आता जास्त दिसतो. पेट्रोल स्वच्छ निघालं, फिल्टर कोरडा निघाला, तर मग वायरिंगकडे वळा.

करंट दोन ठिकाणांहून येतो

"भो, गाडीले करंट येस नही," म्हणत माणूस गाडी ढकलत आणतो. त्याला पहिला प्रश्न विचारायचा: हॉर्न वाजतो का?

या प्रश्नात निम्मा शोध आहे. स्प्लेंडर, सीडी १०० अशा गाड्यांत प्लगला लागणारा करंट बॅटरीतून येत नाही. मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागात, त्यासाठी वेगळी कॉइल असते, तिचा करंट सीडीआय नावाच्या इलेक्ट्रॉनिक डबीत साठतो, ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलनं इशारा दिला की सीडीआय तो इग्निशन कॉइलला सोडतं आणि प्लग ठिणगी टाकतो. हेडलाइटही मॅग्नेटच्याच दुसऱ्या कॉइलवर चालतो, म्हणून तर रेस वाढवली की उजेड वाढतो. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि न्यूट्रलचा दिवा मात्र बॅटरीवर.

म्हणजे हॉर्न खणखणीत, इंडिकेटर नीट, पण इंजिन मेलेलं, तर बॅटरी आणि फ्यूजकडे बघायचंही नाही. प्लग, टोपी, कॉइल, सीडीआय, मॅग्नेटचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींत अडकवायचा प्लास्टिकचा जोड, आणि इंजिन बंद करायची वायर एवढ्यातच फॉल्ट आहे. उलट इंजिन चालू, हेडलाइट चालू, पण हॉर्न-इंडिकेटर-ब्रेकलाइट तिन्ही गेले, तर फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल किंवा चावीचं लॉक. फक्त हेडलाइट गेला तर हँडलवरचा स्विच, डिपरचा स्विच आणि डूममधला कपलर. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम पेटता ठेवणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांना हा चालू-बंदचा स्विच आहे, म्हणजे पाणी शिरायला एक जागा जास्त.

नंतर आलेल्या बऱ्याच गाड्यांत सीडीआय बॅटरीवर चालतं, बॅटरी-कॉइलच्या पॉइंटवाल्या जुन्या बुलेटलाही ठिणगीसाठी बॅटरीच लागते. तुमची गाडी कोणत्या गटातली हे माहीत नसेल तर बिघाड नसलेल्या दिवशी फ्यूज काढून किक मारा आणि प्लगला ठिणगी येते का बघा. आली तर ती मॅग्नेटवरची. एवढं बघून फ्यूज लगेच परत लावा. बॅटरीविना गाडी चालवून रेस करू नका, बल्ब जातात.

रस्त्यात उभे असताना

गाडी रस्त्याच्या कडेला, शक्यतो आडोशाला घ्या. कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर बंद पडली तर आधी गाडी वळणापासून दूर न्या, करंट नंतर शोधा.

प्लगची टोपी ओढून काढा. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर आधी ते फडक्यानं टिपा किंवा फुंकून काढा, त्याशिवाय प्लग खोलू नका, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरेल. काही इंजिनांना या खड्ड्यातलं पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलेलं सापडतं. सायकलच्या तारेनं मोकळं करा.

टोपी आतून फडक्याच्या टोकानं पुसा. टोपी वायरवर आट्यांनी बसलेली असते, ती फिरवून वेगळी करा. वायरचं टोक काळं-हिरवं दिसलं तर अर्धा सेंटिमीटर कापा, आत चकचकीत तांबं दिसलं पाहिजे, आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवा. इतक्यानं अर्ध्याअधिक गाड्या चालू होतात असा माझा अनुभव आहे.

नाही झाली तर ठिणगी बघायची. पेट्रोलची चावी बंद. प्लग खोलून टोपीत घाला, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या हेडला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ निघते. टोपी उघड्या हातानं धरू नका, ओल्या हातानं तर नाहीच. किक मारा. निळसर, चटकन आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा कधी आहे कधी नाही अशी असेल तर हाताशी असलेला चांगला प्लग लावून पुन्हा बघा. टोपी हवेत लटकती ठेवून किक मारण्याची सवय अनेकांना असते. सीडीआय आणि कॉइल दोघांना ती मारक आहे. ठिणगीला जायला वाट नसली की ती कॉइलच्या आतून वाट काढते.

बंद करायची वायर: सगळ्यात जास्त गुंगारा देणारी

या वायरवर थोडं थांबतो, कारण पावसात बदलल्या गेलेल्या सीडीआयपैकी कितीतरी निष्कारण बदललेल्या असतात आणि गुन्हेगार हीच असते.

मॅग्नेटवर चालणारी गाडी चावीनं बंद होते ती करंट तोडून नव्हे, तर करंट अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला, घालून. सीडीआयपासून एक वायर चावीच्या लॉकपर्यंत जाते. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती काळी असून तिच्यावर पांढरी रेघ असते. चावी बंद केली की लॉक ही वायर अर्थच्या हिरव्या वायरला जोडतं, आणि ठिणगी मरते. आता लॉकमध्ये पाणी गेलं, आत वर्षांचा कचरा आणि हिरवा गंज आहे, तर चावी चालू असतानाही या दोन वायरींमध्ये ओलीतून गळती होते. गाडीला वाटतं मालकानं चावी बंद केली. हँडलवर इंजिन बंद करायचा स्विच असलेल्या गाड्यांत तोही याच वायरवर असतो, आणि पावसाचं पाणी त्याच्यावर थेट पडतं.

तपासायची रीत सोपी. सीडीआय मॉडेलनुसार साइड कव्हरच्या आत किंवा टाकीखाली असतं. त्याच्या कपलरमधून ही एकटी पिन बाहेर काढा, किंवा डूममधला लॉकचा कपलर सोडवा. उघड्या पिनला टेप गुंडाळा. किक मारून ठिणगी बघा. ठिणगी आली तर सीडीआय निर्दोष, फॉल्ट लॉकमध्ये, स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत. अशा अवस्थेत गाडी घरापर्यंत चालवतही नेता येते, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आता चावीनं इंजिन बंद होणार नाही. टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळू सोडून बंद करावं लागेल. दोन, ही गाडी आता चावीशिवाय कुणीही किक मारून नेऊ शकतो, तेव्हा चहाला थांबताना हँडल लॉक करा.

मल्टीमीटरवर या बाबतीत आंधळा विश्वास नको. ही वायर आणि अर्थ यांच्यात ओहम मोजले तर मीटर आपल्या चिमूटभर व्होल्टनं मोजतं आणि सगळं ठीक दाखवतं. सीडीआयकडे जाणारा करंट शंभराच्या वर व्होल्टचा असतो, त्याला तीच ओल पुरते. म्हणून पिन काढून बघणं हीच खरी परीक्षा.

लॉक दोषी निघालं तर बदलण्याआधी चावीच्या भोकातून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चावी वीस-पंचवीस वेळा फिरवा, पुन्हा मारा. एक फेरी काळं पाणी निघतं. मोबिल ऑइल घालू नका, त्यानं धूळ चिकटून लगदा होतो.

पिन काढूनही ठिणगी नाही

मग मॅग्नेटकडून येणारा कपलर. इंजिनच्या डाव्या कव्हरमधून निघालेली वायर वर जिथे मुख्य वायरिंगला जुळते तो. तो सोडवा आणि उजेडात धरा. चांगली पिन पिवळी, चमकदार असते. बिघडलेल्या पिनेवर बारीक हिरव्या-पांढऱ्या साखरेसारखी पूड दिसते, आणि समोरच्या खोबणीचं पितळ काळपट, कड्या उघडून सैल झालेलं. दोन्ही हातांनी जोडताना बसल्याचा खटका लागत नसेल तर तो सैलच आहे असं समजा. पूड सुईनं खरवडा, क्लीनर मारा, खोबणीच्या कड्या बारीक पक्कडीनं किंचित दाबा.

इथेच मॅग्नेटमधल्या कॉइलही मोजून घ्या. ठिणगीची कॉइल आणि अर्थ यांच्यात ओहम, पल्सर आणि अर्थ यांच्यात ओहम. नेमका आकडा मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो. साधारण काही दहा ते काहीशे ओहमच्या घरात मीटर स्थिर थांबलं पाहिजे. एकदम शून्य म्हणजे आत शॉर्ट, काहीच न दाखवणं म्हणजे तार तुटली. ओल्या गाडीत आकडा नाचत असेल तर कव्हरच्या आत पाणी आहे. कव्हर खोलून पुसून वाळवा, पॅकिंग किंवा वायर बाहेर येते ते रबर फाटलं असेल तर ते बदला.

इग्निशन कॉइल टाकीखाली बोल्टनं फ्रेमला कसलेली असते. तिचा जाड वायरीकडचा भाग काही हजार ओहम दाखवतो, बारीक वायरीकडचा एखाद-दुसरा ओहम. बोल्टखाली गंज असेल तर कॉइलचा अर्थ जातो आणि चांगली कॉइल मेल्यासारखी वागते. बोल्ट काढून दोन्हीकडचं लोखंड पॉलिश पेपरनं घासा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच सीडीआय, आणि तेही विकत घेण्याआधी शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीचं लावून बघा.

ओली करून बघणं

गाडी वाळून चालू झाली असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर, पेट्रोलचा वास नसलेल्या मोकळ्या जागी, स्टँडवर लावून मंद चालू ठेवा. फवाऱ्याच्या बाटलीनं फक्त प्लगच्या टोपीवर पाण्याचं धुकं मारा. टोपी किंवा जाड वायर तडकलेली असेल तर अंधारात निळी रेघ उसळताना दिसते, आणि इंजिन मिसिंग करतं. एकदा पाहिलेली ती रेघ विसरत नाही: टोपीच्या कडेवरून हेडकडे धावणारी, केसाएवढी. उजेडात तिथेच बघितलं तर राखाडी ओरखडा सापडतो. अशी टोपी साफ करून उपयोग नाही, ठिणगीनं जळालेली वाट कायम करंट ओढते. टोपी बदला.

रेघ दिसली नाही तर पुढची जागा: कॉइल, मग हँडलचा उजवा स्विच, मग डावा, मग लॉक, मग सीडीआयचा कपलर, शेवटी इंजिनजवळची वायर. एका वेळी एकच जागा ओली करायची आणि दोन-चार मिनिटं थांबायचं. घाईनं सगळीकडे पाणी मारलं तर गाडी बंद पडेल खरी, पण कशानं ते कळणार नाही. कपडे धुवायच्या पाइपानं किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं हा प्रयोग करू नका; प्रेशरचं पाणी पावसाला कधीच जमलं नसतं तिथे जातं आणि नवेच फॉल्ट तयार करतं.

पाणी जिथे शिरतं तिथेच दोष दिसेल असं नाही. वायरिंगच्या काळ्या स्लीव्हमध्ये शिरलेलं पाणी कौलारू घराच्या गळतीसारखं आढ्यावरून वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात टपकतं. हँडलजवळ शिरलेलं पाणी सीटखालच्या कपलरमध्ये सापडलं तर नवल वाटून घेऊ नका.

फ्यूज वारंवार उडत असेल

मोठा फ्यूज टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळणं, हे करू नका. फ्यूज वाचतो आणि टाकीखालची वायर पेटते.

उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या जागी टेस्टिंग बल्बची दोन टोकं लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, सगळे स्विच बंद, चावी चालू. बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी वायर उघडी होऊन लोखंडाला लागली आहे. हा बल्ब करंट दोन अँपिअरच्या आत रोखतो, म्हणून निवांत शोधता येतं. आता हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा, डूमच्या मागची वायर हलवा, मागचं मडगार्ड दाबा. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो, हात तिथेच आहे. हलवून सापडत नसेल तर एकेक फांदी सोडवा: आधी टेललाइटचा कपलर, मग हॉर्न, मग ब्रेकचा स्विच. जी सोडल्यावर बल्ब विझतो, ती दोषी.

आपल्याकडे दोन जागा ठरलेल्या. एक, हँडलच्या दांडीजवळ वायर फ्रेमला घासते ती. दुसरी, मागच्या मडगार्डखाली टेललाइटची. काळा चिखल वाळला की त्यात खडे अडकतात आणि चाकाच्या हादऱ्यानं वायरचं प्लास्टिक घासून घासून पातळ होतं. मडगार्ड आतून खरवडून धुतल्याशिवाय ही जागा दिसतच नाही.

भुतासारखी वागणारी लाइट: अर्थ बघा

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद, इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकते, हॉर्न घोगरा वाजतो. असे परस्परांत गुंतलेले चमत्कार दिसले की बल्ब बदलत बसू नका. करंट परत जायची वाट, म्हणजे अर्थ, खराब आहे. करंट मग दुसऱ्या बल्बातून वाट काढतो.

तपासणी: मीटर डीसी व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या वजा टोकाला, लाल तार टेललाइटच्या होल्डरच्या धातूला. ब्रेक दाबून ठेवा. आकडा शून्याजवळ हवा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. चिमट्याच्या वायरनं होल्डर थेट बॅटरीच्या वजाला जोडून बघा. उजेड एकदम वाढला तर खात्री झाली. मग अर्थचा बोल्ट शोधा, रंग आणि गंज घासून लोखंड उघडं करा, कसा, आणि कसल्यानंतर वरून ग्रीस लावा.

मागच्या ब्रेकचा स्विचही याच फेरीत बघा. तो पायाजवळ, चिखलाच्या तोंडावर असतो. चिखलानं अडकला की ब्रेकलाइट सतत पेटती राहते, मालकाला पाठीमागचं दिसत नाही, आणि आठ दिवसांत बॅटरी बसते. मग लोक चार्जिंगला शिव्या देतात.

बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेरून चार्ज करा, उपाशी बॅटरीवर केलेली कुठलीही मोजणी खोटी येते. इंजिन मध्यम रेसवर ठेवून मोजलं तर साधारण १३.५ ते १४.५ दिसावं. वाढतच नसेल तर मॅग्नेटचा कपलर आणि आरआर युनिटचा, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणाऱ्या डबीचा, कपलर. १५ च्या बरंच वर जात असेल तर आरआर युनिट किंवा त्याचा अर्थ गेला. हेडलाइटचे बल्ब पटापट उडतात ते अशा गाडीचे. टर्मिनलवरची पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, कोरडं करून कसा आणि वर व्हॅसलीन लावा. काही फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, त्यांचे आकडे निम्मे धरा आणि टेस्टिंग बल्बही ६ व्होल्टचा घ्या.

जोड द्यायचा तर असा

वायर पिळून वर काळी टेप, हा जोड खान्देशच्या एका उन्हाळ्यात सुटतो. वायरचं प्लास्टिक सोला. आतलं तांबं काळं निघालं तर पाणी केशनळीसारखं आतपर्यंत चढलं आहे. काळ्या तांब्याला डाख धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि मध्ये त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. डाख द्या, वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा. स्लीव्ह वायरमध्ये आधी घालायची असते, हे डाख दिल्यावर आठवून उपयोग नाही.

कपलर साफ करून, पूर्ण वाळवून, पिनांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. कपलरचं तोंड शक्यतो खाली राहील असं बांधा, आणि त्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. कपलरला चोहोबाजूंनी टेप गुंडाळू नका. पाणी तरीही शिरतं, पण मग बाहेर पडत नाही.

वायरिंग स्प्रेचा एक हात पावसाळ्याच्या तोंडाला मारायला हरकत नाही. तो ओल हटवतो, तडा बुजवत नाही.

तीन-चार ठिकाणी सोलल्यावर वीतभर आतपर्यंत तांबं काळंच निघत असेल तर जोड देणं थांबवा आणि पूर्ण वायरिंग नवं घ्या. जुनं काढण्याआधी प्रत्येक कपलरचा मोबाइलवर फोटो काढा, कारण मागच्या मिस्तरीनं कुठे कोणता रंग कशाला जोडला आहे हे कंपनीच्या नकाशात सापडणार नाही. जुन्या वायरिंगमधले धड कपलर कापून डब्यात ठेवा. नवं बसवलं की लगेच टाकी चढवू नका. टाकीशिवाय, कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन मंद चालवा, फवाऱ्याची तीच फेरी प्लगच्या टोपीपासून शेवटच्या कपलरपर्यंत पुन्हा करा, हँडल दोन्हीकडे वळवून वायर कुठे ताणत नाही ना ते बघा, आणि मगच टाकीचे बोल्ट कसा.